डाव्या अंगाचे दात

त्या वर्षी तळ्याचं पाणी इतकं मागं हटलं, की काठावरच्या होड्या आधी चिखलात कुशीवर पडल्या, आणि मग तो चिखलही वाळून त्याच्या खपल्या निघू लागल्या. पाण्यात उभा असलेला बोरू रसाळ असतो, विळा लावला की कचकन तुटतो. त्या वर्षीचा बोरू उभ्या उभ्या वाळला होता. कांड्यांवर धुळीचा थर होता आणि आत काचेचा कडकपणा. कापणाऱ्यांच्या तळहातांना भेगा पडत होत्या. विळ्यांचे दात तर बघता बघता झिजत होते. त्यामुळे कानसवालीच्या घरापुढे विळ्यांचा ढीग हलत नव्हता.

तळ्याभोवती दातेरी विळ्यांचं काम करणारं ते एकच घर. आधी तिचा बाप करायचा. त्याच्या डोळ्यांवर साय धरली, तसं काम लेकीच्या हातात आलं. "दात कोरून पोट भरत नाही, असं लोक म्हणतात. आमचं तीन पिढ्या भरलं," असं म्हातारा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा.

साधा विळा दगडावर घासला की झालं. दातेरी विळ्याचं तसं नसतं. त्याच्या पात्याच्या एका अंगाला बारीक तिरके चर पाडलेले असतात, दुसरं अंग सपाट. धार लावायची ती फक्त सपाट अंगाला. चरांना दगड लागला की दात गेलेच. सपाट अंग घासत गेलं, की चरांची टोकं पुन्हा उघडी पडतात आणि पातं पुन्हा चावायला लागतं. मग चरांत बसलेली माती ताठ ब्रशनं काढायची, दात मोडला असेल तिथं तिकोनी कानस अलगद फिरवायची. दात अगदीच सपाट झाले असतील, तर पातं भट्टीत लाल करून मऊ करायचं, छिन्नीनं एकेक चर नव्यानं पाडायचा, आणि परत तापवून, पाणी देऊन कडक करायचं. झालेला प्रत्येक विळा ती बापाच्या हातात द्यायची. तो दाराशी पाटावर बसलेला असायचा. अंगठा दातांवर आडवा फिरवायचा आणि मान हलवायचा, किंवा काही न बोलता विळा परत करायचा.

पलीकडच्या काठावरून बोथट विळ्यांचं पोतं आणायचं आणि धार लावलेलं परत न्यायचं, हे काम गाडीवाल्याचं. त्याला सगळे बोळक्या म्हणत, कारण त्याच्या तोंडात एकही दात उरला नव्हता. पोतं ओतताना तो दर खेपेला म्हणायचा, की यांचे झाले की माझेही पाडून ठेव. विनोद शिळा झाला होता, तरी कानसवाली हसायची. त्या घरात हसण्याचं दुसरं निमित्त नव्हतं.

एका सकाळी तिनं ढिगातला विळा उचलला, दगडावर टेकवला आणि तिचा हात थांबला. पातं दगडावर बसेना. खरखर लागली. तिनं ते उलटं केलं. सपाट अंग दुसऱ्या बाजूला होतं.

असा विळा तळ्याभोवती एकच होता, आणि तो तिनंच केला होता.

तेव्हा तिचं लग्न झालेलं नव्हतं. पलीकडच्या वस्तीतला एक कापणारा बापाकडे तक्रार घेऊन आला होता, की कुठलाही विळा माझ्या हातात टिकत नाही, बोरूवरून घसरतो. वस्तीत त्याला डावरा म्हणत. बापानं विळा तपासला, उत्तम आहे म्हणाला, दोष तुझ्या हातात आहे म्हणाला. भात्याशी बसलेल्या पोरीच्या लक्षात आलं. तिनं एक कोरं पातं घेतलं आणि चर उलट्या अंगाला पाडले. तो विळा घेऊन डावरा गेला, आणि विळा बोथट होण्याच्या आतच पुन्हा आला, मग पुन्हा आला. बाप म्हणाला, याला धार नको आहे, धार लावणारी हवी आहे. तसं ते लग्न झालं.

गेल्या हंगामात, एका धुक्याच्या सकाळी डावरा घरी राहणार होता. विळा बोथट झालाय, आज अंग टाकतो, म्हणाला होता. कानसवालीनं उठून विळ्याला धार लावून दिली. ताजी धार हातात आल्यावर त्याला बसवेना. तो आपल्या कापणीच्या पट्ट्याच्या अगदी आतल्या टोकाला गेला, जिथं पाणी खोल आणि बोरू दाट असतो. तो परतला नाही. माणसांनी बांबू घेऊन तळ टोचून काढला, होड्या फिरवल्या. माणूस मिळाला नाही आणि विळाही मिळाला नाही.

सासू वस्तीसमोर म्हणाली, "विळा बोथट राहिला असता, तर माझं पोर घरी राहिलं असतं." त्यानंतर ती सुनेशी बोलली नाही. दोघींचं आधीही विळ्या-भोपळ्याचं सख्य होतं, आणि लोक त्यावर हसायचे, कारण एकीच्या हातात खरोखरच विळा असायचा. आता कोणी हसेना. कानसवाली बापाकडे निघून आली.

तोच विळा आता तिच्या दगडावर होता. वर्षभर पाण्यात पडलेलं पातं गंजून चाळण होतं. या पात्याला गंजाचा ठिपका नव्हता. दात झिजले होते, चरांत ताजी धूळ होती. कोणीतरी तो वापरत होतं. आणि उजव्या हातात तो चालतच नाही.

तिनं धार लावली. नेहमीसारखीच लावली, टोकाकडचे दात जरा खोल, डावऱ्याला आवडायचे तसे. मग इतर विळ्यांमध्ये मिसळून बापाच्या हातात दिला. म्हाताऱ्याचा अंगठा दातांवरून अर्ध्यापर्यंत गेला आणि थांबला. त्यानं पातं उलटं केलं, पुन्हा फिरवला.

"हा जावयाचा," तो म्हणाला.

म्हाताऱ्यानं विळा मांडीवर बराच वेळ धरून ठेवला आणि मग शेजारच्या ढिगावर हळूच ठेवला, जसं झोपलेलं मूल ठेवावं.

बोळक्या पोतं न्यायला आला तेव्हा तिनं विचारून बघितलं, की हे विळे तू कोणाकोणाकडून गोळा करतोस. तो म्हणाला, मी कशाला गोळा करू, वस्तीच्या तोंडाशी ढीग टाकलेला असतो, तो पोत्यात भरतो. परत नेतो तेव्हा तिथंच ओततो, ज्याचा त्यानं उचलायचा.

तिनं विळा जाऊ दिला. पुढच्या पोत्यात तो परत आला.

तोवर ती धड जेवली नव्हती. नवरा जिवंत असेल तर तो बोरूत राहून, रोज कापणी करून, बायकोकडून धार लावून घेतोय आणि भेटायला येत नाही, असा अर्थ होत होता. आणि तो नसेल, तर विळा ज्यानं धरलाय त्यानं तो कुठून उचलला? दोन्ही विचार सारखेच अंगावर काटा आणणारे होते. धार लावताना पातं तिला गार लागायचं, भट्टीजवळ ठेवलेलं असलं तरी.

याच दिवसांत धाकटा दीर बोळक्याच्या गाडीवर बसून आला. बोरूच्या रानात प्रत्येक कापणाऱ्याचा एकेक पट्टा ठरलेला असतो. माणूस बेपत्ता झाला तर त्याचा पट्टा कोणी कापायचा नाही, आणि दोन हंगाम तसाच उभा राहिला तर तो सगळ्यांत वाटून टाकायचा, असा तिथला नियम. पट्टा घरात ठेवायचा असेल, तर बायकोनं चारचौघांत सांगायचं, की माझा माणूस गेला. दीर तेच सांगायला आला होता. तो बसला नाही, पाणीही घेतलं नाही. नरमाईनंच बोलला. पट्टा हातचा जाईल, आईचं वय झालंय, मी एकटा कमावणारा, हे सगळं त्यानं सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं.

कानसवालीनं तो उलटा विळा पोत्याच्या तुकड्याखाली सरकवला होता. त्यावर तळहात दाबून ती म्हणाली, "भाऊजी, मी बघितलं नाही. न बघता गेला कसं म्हणू?"

दिराचा चेहरा बदलला. लोक काय म्हणतात ते तुला ठाऊक आहे का, असं त्यानं विचारलं, आणि सांगूनही टाकलं: तुझ्या जिभेला तुझ्या विळ्यांपेक्षा जास्त दात आहेत, म्हणून तो पळून गेला. बोळक्या गाडीशी उभा होता. त्यानं तोंड फिरवलं. मग दिरानं ढिगातून स्वतःचा विळा उचलला, अंगठा लावला आणि धार बरोबर नाही म्हणून तिच्यापुढे टाकला. धार उत्तम होती. तिनं निमूटपणे विळा घेतला आणि पुन्हा दगडावर धरला. म्हातारा बाप पाटावर अवघडून बसला. लेकीचा अपमान ऐकूनही त्याला उठता आलं नाही.

पण तिनं एक पाहून ठेवलं होतं. दिरानं विळा उजव्या हातानं उचलला होता.

तो गेल्यावर बापानं उलटा विळा मागितला. यावेळी तो त्यानं नखानंही तपासला. "हे एका माणसाचं काम नाही. एवढ्या दिवसांत एका हातानं दात इतके झिजत नाहीत," तो म्हणाला. "रात्रंदिवस कापलं तरी नाही."

तिसऱ्यांदा विळा आला तेव्हा तिनं तो परत पाठवला नाही. धार लावली आणि घरातच दाराशेजारच्या खिळ्याला अडकवला. त्या दिवसापासून बाप दाराशी बसेना, भट्टीच्या कोपऱ्यात बसायला लागला. तिनं कारण विचारलं नाही. तिलाही त्या खिळ्याकडे पाठ करून काम करवत नव्हतं.

पुढच्या खेपेला बोळक्यानं पोतं ओतलं, पण नेहमीचं वाक्य बोलला नाही. म्हणाला, वाटेत तुझी सासू उभी होती, गाडी थांबवली. माझ्याशी ती गेल्या हंगामापासून एक शब्द बोललेली नाही, आणि आज म्हणाली, विळा कुठे आहे? एवढंच. कुठला विळा ते सांगितलं नाही.

कानसवालीनं हातातली कानस खाली ठेवली. डावरेपण नवऱ्याला आईकडूनच आलं होतं. हे तिला माहीत होतं, रोज डोळ्यांसमोर होतं, आणि तरी सुचलं नव्हतं. जिवंत आहे की नाही एवढ्याच एका प्रश्नानं तिचं डोकं भरलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाट सरताना ती बोळक्याच्या गाडीत बसली. उलटा विळा कापडात गुंडाळून घेतला आणि कमरेला स्वतःचा खोचला. बापानं गाडीचं कडं धरून विचारलं, "तो भेटला तर काय म्हणशील?"

"आधी मुस्काटात देईन. मग विचारीन."

म्हातारा हसला, पण कडं सोडायला त्यानं वेळ लावला.

गाडी तळ्याच्या वाळलेल्या पोटातून गेली. धुकं इतकं होतं की बैलांची शिंगंही पुसट दिसत होती. चाकाखाली शिंपले फुटत होते. वस्तीच्या अलीकडे डावऱ्याचा पट्टा लागला. बाकीचे पट्टे कापून भुईसपाट झाले होते. हा एकच उभा होता, गेल्या वर्षीचा जुना बोरू आणि या वर्षीचा एकमेकांत अडकून भिंतीसारखा. त्याच्या तोंडाशी सासू उभी होती. डाव्या मनगटाला चिंधी बांधलेली होती. तिनं गाडीकडे पाहिलं नाही. सून खाली उतरल्यावर तिनं फक्त तो हात पुढे केला.

कानसवालीनं विळा दिला नाही. "आत्याबाई, हा सापडला कुठं?"

म्हातारी बोलायला लागली ती सपाट आवाजात, रोज कोणाला तरी सांगत आल्यासारखी. माणसं शोधून दमून परतली, त्याच्या दुसऱ्या दिवशी ती एकटी पाण्यात शिरली होती, छातीभर पाण्यापर्यंत. तिथं एका वाकलेल्या बोरूला विळा अडकवलेला दिसला, खुंटीला टांगावा तसा. भोवती कोणी नव्हतं. तिनं तो लुगड्यात लपवून आणला.

"विळा मिळाला म्हटलं असतं, तर माणूस गेला म्हणाले असते," सासू म्हणाली. "तिकडे तू, तो गेला असं म्हणायला तयार नव्हतीस. मी इकडे विळा लपवला. आपण दोघींनी मिळून त्याला वर्षभर जिवंत ठेवलं."

सून गाडीच्या चाकाला टेकली. वर्षभर तिला वाटत होतं, की या बाईला आपला फक्त राग आहे.

पाणी ओसरलं तशी सासूनं पट्ट्यात वाट कापायला घेतली होती. नियम मोडत होती, म्हणून कोणी उठायच्या आत यायची आणि परत जायची. विळा बोथट झाला की ढिगात टाकायची. दुसऱ्या कोणाकडे देणार, असं तिनं विचारलं. धार तर सुनेचीच लागायची त्याला.

मग तिनं आवाज खाली आणला. "मी रोज थोडंच कापते. मनगट चालत नाही. पण सकाळी येते, तर माझ्या पुढे कापलेलं असतं."

सुनेनं तिच्याकडे पाहिलं. वय झालंय, आदल्या दिवशीचं विसरत असेल, असं तिच्या मनात आलं. म्हातारीला ते कळलं.

"विळा इतके दिवस तुझ्याकडे होता ना? मग ये, बघ."

बोळक्याला तिथंच थांबायला सांगून दोघी आत शिरल्या. वाट एका माणसापुरती होती. दोन्ही बाजूंनी बोरू डोक्याच्या वर गेलेला. बाहेर बैलांच्या गळ्यातली घंटा वाजत होती, ती काही पावलांतच ऐकू येईनाशी झाली. सुरुवातीची कापणी सासूचीच होती. खुंट कुठं उंच, कुठं बुटके, प्रत्येकावर दोन-तीन घाव, कांडी चिरफाळलेली. पुढे एक आडवी जागा आली आणि तिथून सगळं बदललं.

तिथून पुढचे खुंट घोट्याइतके, एकसारखे होते. एका ओढीत कापलेले. प्रत्येकाचा तिरकसपणा एकाच बाजूला, डाव्या हातानं कापल्यावर येतो तसा. कापलेला बोरू उजव्या कडेला नीट आडवा टाकलेला होता. गेल्या हंगामाच्या आधी हा पट्टा असाच कापला जायचा. खुंटांची तोंडं पांढरी होती, त्यांवर धुळीचा कणही बसला नव्हता.

कानसवाली खाली बसली. दातेरी विळा कापतो तेव्हा कांडीच्या तोंडावर बारीक ओरखडे उमटतात, दातांच्या अंतराचे. ज्यानं त्यानं पाडलेलं अंतर वेगळं असतं. तिनं एका खुंटावर बोट ठेवलं, मग कापड सोडून विळ्याचं पातं त्याच्याजवळ धरलं. ओरखडे जुळले. टोकाकडचे खोल दातही जुळले.

हा विळा कालपर्यंत तिच्या घरात खिळ्याला होता.

"कोण असेल गं?" सासूनं विचारलं. विचारताना ती घाबरलेली नव्हती. तिच्या आवाजात लाज वाटावी इतकी आशा होती. सुनेच्या पाठीवरून घाम ओघळत होता आणि तो गार होता. परत फिरावं असं तिला वाटलं. पण म्हातारी पुढे निघाली होती, आणि तिला एकटं सोडून जाणं सुनेला जमेना.

वाट सरळ नव्हती. एके ठिकाणी ती खड्ड्याला वळसा घालून गेली, एके ठिकाणी दाट गठ्ठा सोडून बाजूनं. कापणाऱ्याला कुठं जायचंय ते ठाऊक असावं, तशी. शेवटी ती उभ्या बोरूसमोर संपली. काल ती इथवर नव्हती, असं सासू म्हणाली. मग तिनं पुन्हा हात पुढे केला, आणि या वेळी सुनेनं विळा तिला दिला. स्वतःचा काढला. दोघी शेजारी शेजारी उभ्या राहून कापू लागल्या, एक डाव्या हातानं, एक उजव्या. दोघींचे कोपर मध्ये एकमेकींना लागत होते.

फार कापावं लागलं नाही. बोरूच्या पडद्यामागे एक खोलगट जागा होती. तळ्याचा गाळ तिथं सगळ्यात शेवटी वाळला असावा. वाळताना तो खाली बसला होता, आणि जे त्यात होतं ते वर राहिलं होतं. आधी कापड दिसलं. कापडाचा रंग गेला होता, पण खांद्यावरचं ठिगळ कानसवालीनं स्वतः लावलेलं होतं. तो गाळात छातीपर्यंत उभा होता. मान पुढे पडलेली. डावा हात मात्र वर होता, शेजारच्या वाकलेल्या बोरूच्या दिशेनं. बुडताना त्यानं विळा वर अडकवून ठेवला होता. चांगलं हत्यार गाळात जाऊ नये म्हणून, की कोणाच्या तरी नजरेला पडावा म्हणून, ते आता कोण सांगणार.

सासू गुडघ्यांवर बसली, पदर सोडून त्याच्या डोक्यावर टाकला. मग त्या वर राहिलेल्या हाताला तिनं हात लावला.

"खाली घे रे बाळा आता," ती म्हणाली. "वर्षभर वर धरलायस. किती दुखला असेल."

कानसवाली धावत बाहेर आली. बोळक्याला वस्तीवर पाठवलं. दीर आला, चार माणसं फावडी घेऊन आली. त्यांनी त्याला गाळातून बाहेर काढलं. उचलून नेल्यावर दीर मागे रेंगाळला. तो लहानपणापासून बोरू कापत आला होता. त्यानं वाटेत बसून खुंट बघितले, एक बघितला, पुढचा बघितला, आणि कोणी कापलं म्हणून विचारलं.

"मी," आई म्हणाली.

दिरानं तिच्या चिंधी बांधलेल्या मनगटाकडे पाहिलं. मग वहिनीकडे, तिच्या उजव्या हाताकडे. त्यानं डोक्याचं फडकं काढून हातात धरलं आणि तसाच वाटेतून बाहेर चालत गेला, खुंटांवर पाय पडणार नाही अशा बेतानं.

संध्याकाळपर्यंत सगळं उरकलं. दुसऱ्या दिवशी कापणारे जमले तेव्हा कानसवालीनं सगळ्यांसमोर सांगितलं, की माझा माणूस गेला. आता पट्टा दिराचा होता. त्यानं मान वर केली नाही. "मला नको," म्हणाला. लोक थांबून राहिले. कोणाला हवा आहे का, असं विचारलं गेलं. या पट्ट्यासाठी वर्षभर कुजबुजणारी माणसं बोटांची सालटी काढत बसली.

"मग मी कापते," कानसवाली म्हणाली.

कोपऱ्यातून सासू म्हणाली, की पेंढ्या मी बांधीन.

दीर उठून तिच्यासमोर आला. त्या दिवशी विळा टाकला होता तो, वहिनी, धार चांगली होती त्याची, एवढं त्यानं सांगितलं. तीही एवढंच म्हणाली, की मला ठाऊक होतं.

ती सासूच्या घरी राहायला आली. बापाला निरोप पाठवला. दगड, कानशी आणि बाप असं सगळंच बोळक्या गाडीत घालून घेऊन आला. म्हाताऱ्यानं विहिणीच्या दारात बसल्या बसल्या विचारलं, की वाट कोणी कापली होती. लेक म्हणाली, आम्ही दोघींनी. म्हाताऱ्यानं मान हलवली नाही, आणि पुन्हा विचारलंही नाही.

पहिल्या दिवशी ती पट्ट्यात एकटी शिरली. सासूच्या अंगात कसकस होती. तिनं वाटेच्या डाव्या बाजूनं कापायला सुरुवात केली. बोरू लोखंडासारखा होता. प्रत्येक ओढीला खांदा उखडत होता, धूळ घशात जात होती. कामाचं तिला काही नव्हतं. तिला भीती समोरची होती. ती थांबली की पुढचा बोरू जरासा हलायचा आणि मग थांबायचा. वाऱ्यानं असेल, असं स्वतःला सांगून ती पुन्हा वाकायची. दुपार कलली तेव्हा एका दाट गठ्ठ्यापाशी येऊन तिचा हात चालेना. गठ्ठा तिनं उद्यावर सोडला. मागं वळून न बघता बाहेर आली.

सकाळी सासू उठायच्या आत ती निघाली. धुकं होतं. आपण काय बघायला चाललोय हे तिला कळत होतं, आणि काय दिसावं असं वाटतंय हे मात्र कळत नव्हतं. कालच्या खुंटांवरून चालत ती शेवटपर्यंत गेली.

गठ्ठा जागेवर उभा होता. एकही कांडी तुटलेली नव्हती. तिनं हातानं बोरू बाजूला सारून आत डोकावलं. आतही सगळा तसाच, दाट, धुळीनं भरलेला. ती आणखी आत घुसली, अंगाला ओरखडे निघाले, आणि तिथंही कोणी काही कापलेलं नव्हतं.

मग ती कालच्या बोरूच्या ढिगावर बसली आणि रडली. गेल्या हंगामापासून ती रडली नव्हती. गाळातून त्याला काढला तेव्हाही नाही. आता तिला थांबता येईना. तोंडात पदर कोंबला तरी आवाज बाहेर येत होता.

मागून पावलं वाजली. सासू आली होती, खांद्यावर पेंढ्यांच्या दोऱ्या. तिनं सुनेकडे पाहिलं, मग उभ्या असलेल्या गठ्ठ्याकडे पाहिलं, आणि तिला सगळं समजलं. ती शेजारी बसली. धुकं विरून पलीकडचा काठ दिसू लागला, तोवर दोघी तशाच बसून राहिल्या.

"ऊठ," सासू म्हणाली. "ऊन चढायच्या आत एवढा गठ्ठा होईल."

कानसवालीनं डोळे पुसले, विळा उचलला आणि गठ्ठ्याच्या बुडाशी लावला.